दुपारनंतर सर्व्हरची मेमरी जाते कुठे? पोस्टग्रेस, लिनक्स कर्नल आणि मोठी पेजेस

मांजराकाठ, लातूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातील काही मोंढ्यांतल्या आडत दुकानांचे हिशेब आम्ही सांभाळतो. मालाची आवक, काट्यावरचे वजन, हमाली-तोलाई, सौद्यात निघालेला भाव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी पट्टी, हे सगळे एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाते. सर्व्हर आमचा स्वतःचा आहे. त्यात दोन प्रोसेसर आणि १२८ जीबी मेमरी असून पोस्टग्रेसची आवृत्ती १५ आहे व ‘शेअर्ड_बफर्स’ (डेटा हाताशी ठेवण्याची सगळ्या कनेक्शनची सामाईक मेमरी) ३२ जीबी ठेवले आहेत. दुकानांतले प्रोग्रॅम सकाळी एकदा जोडणी घेतात आणि दुकान बंद होईपर्यंत ती सोडत नाहीत, त्यामुळे सोयाबीनच्या हंगामात एकाच वेळी साधारण ३०० कनेक्शन उघडी असतात.

अडचण अशी की सकाळी भरपूर मोकळी दिसणारी मेमरी दुपारपासून आटत जाते आणि ऐन पट्ट्या निघण्याच्या वेळी सर्व्हर स्वॅपला लागतो, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकू लागतो. सगळ्या प्रोसेसची मेमरी मोजून पाहिली, तर तिची बेरीज या घटीशी जुळत नाही. रात्री दुकाने बंद झाली की मेमरी आपोआप परत येते. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, मेमरीचा हिशेब दाखवणारी ‘/प्रॉक/मेमइन्फो’ ही फाइल नीट वाचल्यावर ‘पेजटेबल्स’ ही एकच ओळ सुमारे १५ जीबीवर गेलेली दिसली.

यावर मोठी पेजेस (मेमरीचे ४ केबीऐवजी २ एमबीचे तुकडे) हा उपाय असल्याचे वाचनात आले, म्हणून सर्व्हर चालू असतानाच त्यांची संख्या ठरवणारे ‘व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस’ १७,००० केले. कोणतीही त्रुटी आली नाही. त्यानंतर पोस्टग्रेस बंद करून पुन्हा सुरू केले, पण दुसऱ्या दिवशी मेमरीचा तुटवडा कमी होण्याऐवजी वाढला. आता ‘ह्यूजपेजेस_टोटल’ ९,४१२ दिसते आणि ‘ह्यूजपेजेस_फ्री’ही ९,४१२ च दिसते. १७,००० मागितलेली पेजेस ९,४१२ का झाली, ती वापरात का येत नाहीत, आणि ‘ट्रान्सपरंट ह्यूज पेज’ बंद करण्याचा जो सल्ला सगळीकडे दिला जातो त्याचा या प्रकाराशी काही संबंध आहे का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

गोदाकाठ, नांदेड

मांजराकाठ सर, ‘पेजटेबल्स’ची ओळ आपण पाहिलीत हे फार चांगले झाले. बहुतेक जण ‘टॉप’ ही प्रोसेसची यादी बघून थांबतात आणि ही मेमरी तिथे कोणत्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही.

आपल्या प्रोसेसरवर कर्नल मेमरीचा व्यवहार ४ केबीच्या पेजमध्ये करतो आणि प्रत्येक पेजच्या नोंदीला पेज टेबलमध्ये, म्हणजे प्रोसेसचा पत्ता प्रत्यक्ष मेमरीत कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्यात, ८ बाइट लागतात. ३२ जीबी म्हणजे ८३,८८,६०८ पेजेस, म्हणजेच नुसत्या नोंदींचे ६४ एमबी. हे ६४ एमबी एकदाच लागले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. पण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो, आणि खालचे बफर सगळ्यांचे सामाईक असले तरी त्यांच्याकडे नेणारी पेज टेबले प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र असतात. ३०० प्रोसेसनी सगळ्या बफरांना हात लावला, तर १९,२०० एमबी, म्हणजे १८.७५ जीबी एवढी मेमरी केवळ नोंदवहीत जाते.

‘हात लावला तर’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. कर्नल या नोंदी आधीच भरून ठेवत नाही. प्रोसेस एखाद्या बफरला पहिल्यांदा स्पर्श करते, पेज फॉल्ट होतो (नोंद नसल्याने काम कर्नलकडे जाते) आणि तेव्हा नोंद भरली जाते. म्हणून आपले सकाळचे चित्र चांगले असते, दिवसभर चालणारे कनेक्शन हळूहळू अधिकाधिक बफरांना स्पर्श करत जाते तशी मेमरी आटते, आणि रात्री प्रोसेस संपली की तिची पेज टेबले मोकळी होतात. खात्री करायची असल्यास सायंकाळी एखाद्या जुन्या कनेक्शनच्या प्रोसेसची ‘/प्रॉक/<पीआयडी>/स्टेटस’ फाइल उघडून ‘व्हीएम-पीटीई’ची ओळ पाहावी. ती काही दहा एमबींच्या घरात दिसेल आणि नुकत्याच उघडलेल्या कनेक्शनची त्या मानाने नगण्य असेल.

२ एमबीचे पेज वापरले की त्याच ३२ जीबीसाठी १६,३८४ नोंदी पुरतात. प्रत्येक प्रोसेसला १२८ केबी, आणि ३०० प्रोसेस धरल्या तरी सगळे मिळून ३८ एमबीच्या आत. मोठ्या पेजांचे कारण म्हणून बहुतेक ठिकाणी टीएलबी (प्रोसेसरमधली पत्त्यांची छोटी कॅश) आधी सांगितला जातो आणि तेही खरेच आहे. पत्ता शोधताना प्रोसेसरला पेज टेबलच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात. हे दर वेळी करावे लागू नये म्हणून अलीकडचे पत्ते टीएलबीत जपून ठेवलेले असतात. इंटेलच्या स्कायलेक पिढीत दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी मावतात. ४ केबीच्या हिशेबाने त्यांतून केवळ ६ एमबी मेमरी कवेत येते, तर २ एमबीच्या हिशेबाने ३ जीबी. शिवाय २ एमबीच्या पेजला चौथी पायरी लागतच नाही. तरीही आपल्या सर्व्हरचा आजार वेगाचा नसून जागेचा आहे, म्हणून मी टीएलबीला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

आता ९,४१२ विषयी. ‘एनआर_ह्यूजपेजेस’मध्ये आकडा लिहिणे ही कर्नलला केलेली विनंती असते. सलग २ एमबीचे तुकडे मिळतील तेवढे तो बाजूला काढतो आणि उरलेल्यांविषयी मौन बाळगतो. त्रुटी येत नाही, म्हणून आकडा लिहिल्यावर तो परत वाचून पाहणे भाग आहे. पुढे पोस्टग्रेसमध्ये ‘ह्यूज_पेजेस’चे मूळ मूल्य ‘ट्राय’ असते. त्याने सुरू होताना संपूर्ण ३२ जीबी आणि वर थोडे एवढी मोठी पेजेस एकरकमी मागितली. तेवढी शिल्लक नसल्यामुळे मागणी नाकारली गेली आणि तो निमूटपणे ४ केबीवर परतला. अर्धे बफर मोठ्या पेजांत आणि अर्धे लहान पेजांत अशी विभागणी तो करत नाही. परिणामी ९,४१२ पेजेस, म्हणजे सुमारे १८.४ जीबी मेमरी, आपण कुलपात ठेवली आहे. ती पोस्टग्रेसला मिळत नाही, फाइल कॅशला मिळत नाही आणि तिचे स्वॅपही होत नाही. तुटवडा वाढला तो यामुळेच.

आज रात्री ‘एनआर_ह्यूजपेजेस’ शून्य करून ती मेमरी आधी सोडवावी. त्यानंतर ‘ह्यूज_पेजेस’ कायमचे ‘ऑन’ करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पेजेस कमी पडली तर पोस्टग्रेस सुरूच होणार नाही आणि कारण लॉगमध्ये लिहिलेले सापडेल. ‘ट्राय’मध्ये हीच गोष्ट केवळ डीबग पातळीच्या संदेशात जाते आणि तो संदेश नेहमीच्या लॉगमध्ये येत नाही. नेमकी किती पेजेस लागतील याचा अंदाज बांधत बसण्याची गरज नाही. आवृत्ती १५ मध्ये पोस्टग्रेस बंद असताना ‘पोस्टग्रेस -सी शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस’ ही आज्ञा चालवली की तो स्वतःच आकडा सांगतो. सोबत ‘-डी’ने डेटा फोल्डर द्यायला विसरू नये.

लिनक्सवाली, परभणी

गोदाकाठ दादांनी हिशेब चोख मांडला आहे. ९,४१२ वरच गाडी का अडली, एवढेच मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण कर्नलच्या दृष्टीने सगळ्यात रंजक भाग तोच आहे.

२ एमबीच्या एका पेजसाठी ४ केबीची ५१२ पेजेस प्रत्यक्ष मेमरीत सलग आणि २ एमबीच्या सीमेवर जुळलेली मिळावी लागतात. मोकळी मेमरी कर्नलचा बडी अॅलोकेटर दोनाच्या घातांच्या तुकड्यांत ठेवतो आणि ५१२ पेजेसचा तुकडा म्हणजे त्याची नववी श्रेणी. ‘/प्रॉक/बडीइन्फो’ उघडली तर प्रत्येक झोनसमोर (मेमरीच्या विभागासमोर) शून्याव्या श्रेणीपासून सुरू होणारे आकडे दिसतात. डावीकडचे आकडे फुगलेले आणि उजवीकडच्या शेवटच्या दोन रकान्यांत शून्य किंवा किरकोळ संख्या असेल, तर मेमरी मोकळी असूनही विखुरलेली आहे असे समजावे.

विखुरलेली मेमरी एकत्र करण्यासाठी कर्नल कॉम्पॅक्शन करतो, म्हणजे पेजमधला मजकूर दुसरीकडे हलवून जागा सलग करतो. मात्र प्रत्येक पेज हलवता येत नाही. मोंढ्यातल्या ओट्यावर मोठी थप्पी लावायची असेल तर हमाल आधीची पोती सरकवून जागा करतील, पण ओट्याचे खांब त्यांना सरकवता येणार नाहीत. प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी आणि फाइल कॅश यांची बहुतेक पेजेस हलवता येतात, कारण पेज टेबलमधली नोंद बदलली की काम भागते. कर्नलने स्वतःसाठी घेतलेली पेजेस, उदाहरणार्थ स्लॅबमधल्या (कर्नलच्या छोट्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यातल्या) वस्तू, थेट पत्त्याने वापरलेल्या असतात, त्यामुळे त्या जागच्या हलत नाहीत.

आता पेज टेबले कशात साठवलेली असतात, याचा विचार करावा. तीसुद्धा ४ केबीच्या पेजांतच असतात आणि तीही न हलणाऱ्या वर्गात मोडतात. म्हणजे सायंकाळी आपल्या सर्व्हरवर १५ जीबी पेज टेबले असताना मेमरीत जवळपास ३९ लाख खांब उभे होते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण सलग जागा मागितली. कर्नल अशा पेजांना शक्यतो २ एमबीच्या ठरावीक गटांत एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करतो, पण मेमरीची चणचण असली की तो दुसऱ्या वर्गाच्या गटातही हात घालतो. जो आजार बरा करायचा होता, त्यानेच औषधाची वाट अडवली.

यावरून क्रम ठरतो. आधी पोस्टग्रेस बंद करावा, म्हणजे पेज टेबले सुटतील. मग ‘व्हीएम.कॉम्पॅक्ट_मेमरी’मध्ये १ लिहून कॉम्पॅक्शन करून घ्यावे आणि त्यानंतर पेजेस मागावीत. याहून चांगला मार्ग म्हणजे बूटच्या वेळी कर्नलच्या आज्ञाओळीवर ‘ह्यूजपेजेस=१७०००’ देणे. त्या क्षणी मेमरी जवळजवळ कोरी असते आणि मागितलेला आकडा पूर्ण मिळतो. आपल्याकडे दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे मेमरीचे दोन नोड (प्रत्येक प्रोसेसरच्या जवळचा एकेक भाग) आहेत. बूटच्या वेळी ही पेजेस दोन्ही नोडवर सारखी वाटली जातात, तेव्हा एका नोडवरची ८,५०० पाहून घाबरू नये.

पोस्टग्रेस सुरू झाल्यावरही ‘ह्यूजपेजेस_फ्री’चा आकडा लगेच खाली येणार नाही. मागणी मंजूर झाली की ती आधी ‘ह्यूजपेजेस_आरएसव्हीडी’मध्ये राखीव म्हणून दिसते आणि बफर प्रत्यक्ष वापरात येतील तसा फ्रीचा आकडा उतरतो. फ्रीमधून राखीव वजा केल्यावर जे उरते, तेच खरोखर शिल्लक.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक मतभेद नोंदवतो. ३०० कनेक्शनपैकी एका क्षणी प्रत्यक्ष क्वेरी चालवणारी किती असतील? सौद्यानंतरच्या गर्दीतही ती थोडीच असणार. जोडण्या धरून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आणि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर (मोजकी कनेक्शन अनेकांना आळीपाळीने देणारा प्रोग्रॅम) ट्रान्झॅक्शन पद्धतीने, म्हणजे एका व्यवहारापुरतेच कनेक्शन देण्याच्या पद्धतीने, बसवला, तर खालच्या पोस्टग्रेस प्रोसेस काही दहांवर येतील आणि मोठ्या पेजांना हात न लावताही पेज टेबलांचा बहुतेक भार उतरेल. कर्नलचे बटण फिरवण्याआधी वरचा आराखडा तपासावा, अशी माझी सवय आहे. अर्थात ३२ जीबीच्या स्थिर बफरसाठी मोठी पेजेस योग्यच आहेत. दोन्ही करावे.

‘ट्रान्सपरंट ह्यूज पेज’चा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याबाबत बरीच ऐकीव माहिती फिरते. ही सोय २०११ मध्ये कर्नलच्या २.६.३८ आवृत्तीत आली. मोठी पेजेस आधी राखून न ठेवता, प्रोग्रॅमला कल्पनाही न देता, कर्नलने ती आपणहून द्यावीत हा तिचा उद्देश. आपल्या शेअर्ड बफरांवर ‘एनेबल्ड’ या फाइलमधील ‘ऑलवेज’ किंवा ‘नेव्हर’चा परिणाम होत नाही, कारण ते बफर सामाईक मेमरीत असतात आणि त्यांच्यासाठी ‘एसएचमेम_एनेबल्ड’ ही वेगळी फाइल आहे, जिचे मूळ मूल्य ‘नेव्हर’ असते. तेव्हा आपल्या दुपारच्या आजाराशी या सोयीचा संबंध नाही.

ती बदनाम झाली याला कारणे आहेत. पेज फॉल्टच्या क्षणी मोठे पेज देण्यासाठी कर्नल तिथेच कॉम्पॅक्शन करू लागला, तर ज्या प्रोसेसला उत्तर हवे आहे ती ताटकळते. सरासरी वेग ठीक दिसतो आणि अधूनमधून एखादीच क्वेरी अकारण अडकते. सगळा डेटा मेमरीत ठेवणाऱ्या रेडिससारख्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक त्रास होतो. डिस्कवर प्रत लिहिण्यासाठी तो फोर्क करतो, म्हणजे स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढतो, आणि त्यानंतर मूळ प्रोसेसने एका बाइटला जरी हात लावला तरी ४ केबीऐवजी २ एमबीची नक्कल करावी लागू शकते. पार्श्वभूमीला लहान पेजेस जोडून मोठी करणारा ‘केह्यूजपेजडी’ही उदार आहे. ‘मॅक्स_पीटीईज_नन’चे मूळ मूल्य ५११ असल्यामुळे ५१२ पैकी एकच लहान पेज वापरात असले तरी तो पूर्ण २ एमबी बहाल करू शकतो.

असे असले तरी ‘नेव्हर’ हे सार्वकालिक उत्तर नाही. मोंगोडीबी या डेटाबेसने अनेक वर्षे ही सोय बंद करायला सांगितले आणि ८.० आवृत्तीपासून, त्यांचा मेमरी अॅलोकेटर बदलल्यावर, ती चालू ठेवायला सांगितले. मी स्वतः ‘मॅडव्हाइज’ ठेवतो. ज्या प्रोग्रॅमला मोठी पेजेस हवी आहेत तो तसे सांगेल आणि इतरांना त्याची झळ बसणार नाही.

मांजराकाठ, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी बाजार बंद असताना बूटची आज्ञाओळ बदलली. पोस्टग्रेसने सांगितलेला आकडा १७,००० च्या आत बसला, १७,००० पेजेस पूर्ण मिळाली आणि ‘ह्यूज_पेजेस’ ‘ऑन’ ठेवून पोस्टग्रेस पहिल्याच वेळी सुरू झाला. नंतर ऐन आवकेच्या दिवशी सायंकाळी ‘पेजटेबल्स’ची ओळ १ जीबीच्याही खाली होती आणि स्वॅपला हात लागला नाही. देवगिरी सरांनी सुचवलेला पूलर आधी चाचणीच्या सर्व्हरवर लावून पाहणार आहे, कारण आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सेशनवर विसंबून असलेल्या काही गोष्टी आहेत आणि ट्रान्झॅक्शन पद्धतीत त्या मोडतील अशी शंका आहे.

दोन उपप्रश्न. कर्नल स्वतःच्या मेमरीसाठी मोठी पेजेस वापरतो का? आणि पुढच्या हंगामाआधी हाच डेटाबेस केव्हीएमच्या (लिनक्सवर आभासी संगणक चालवण्याच्या सोयीच्या) व्हर्च्युअल मशिनमध्ये हलवण्याचा विचार आहे, तर तिथे हीच रचना पुरेल की १ जीबीची पेजेस घ्यावी लागतील?

लिनक्सवाली, परभणी

मांजराकाठ दादा, कर्नल ती वापरतो आणि त्यासाठी आपण काही करायची गरज नसते. संपूर्ण प्रत्यक्ष मेमरीचा एक सरळ नकाशा कर्नलच्या पत्त्यांमध्ये असतो आणि तो शक्य तिथे १ जीबी व २ एमबीच्या पेजांनी आखलेला असतो. ‘/प्रॉक/मेमइन्फो’च्या तळाशी ‘डायरेक्टमॅप४के’, ‘डायरेक्टमॅप२एम’ आणि ‘डायरेक्टमॅप१जी’ अशा ओळी आहेत, त्या पाहाव्यात. सर्व्हर बराच काळ चालला की ४ केबीचा आकडा थोडा वाढलेला दिसतो. एखाद्या मॉड्यूलच्या कोडला केवळ वाचण्याची परवानगी द्यायची असेल, तर त्या भागातले मोठे पेज फोडून लहान करावे लागते, कारण एका पेजला एकच परवानगी असते.

व्हर्च्युअल मशिनमध्ये मोठ्या पेजांचे मोल वाढते. तिथे पाहुण्या (मशिनच्या आतल्या) कर्नलच्या चार पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीचा पत्ता यजमानाच्या (खालच्या खऱ्या सर्व्हरच्या) चार पायऱ्यांतून शोधावा लागतो, म्हणून एका टीएलबी चुकीमागे जास्तीत जास्त २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते. दोन्हीकडे २ एमबीची पेजेस असतील तर तोच आकडा १५ वर येतो. पण ‘दोन्हीकडे’ ही अट आहे. पाहुण्यात १७,००० पेजेस राखली आणि यजमानाने त्याच मेमरीला ४ केबीने आखले, तर पेज टेबलांची जागा वाचेल, परंतु प्रोसेसर टीएलबीत लहान आकाराचीच नोंद ठेवेल. म्हणून यजमानावर त्या मशिनची संपूर्ण मेमरी मोठ्या पेजांवर बसवावी. अशी मशिने सांभाळणाऱ्या लिबव्हर्टमध्ये मशिनच्या व्याख्येत ‘मेमरीबॅकिंग’खाली तशी सोय आहे.

गोदाकाठ, नांदेड

१ जीबीविषयी थोडक्यात लिहितो. प्रोसेसरच्या गुणांच्या यादीत ‘पीडीपीई१जीबी’ असेल तर ती पेजेस मिळतात, पण ती बूटच्या वेळीच राखावीत, कारण चालू सर्व्हरवर सलग १ जीबी सापडणे दुर्मीळ आहे. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १४ पासून ‘ह्यूज_पेज_साइझ’ने आकार निवडता येतो. बफर ३२ जीबी आणि वरचे थोडे म्हटले की मागणी पूर्ण जीबीत वर ढकलली जाते, आणि त्या शेवटच्या पेजचा बराच भाग वाया जातो. ‘शेअर्ड_बफर्स’ किंचित कमी करून ही बेरीज ३२ च्या आत बसवता येते. पेज टेबलांपुरते बोलायचे तर १२८ केबीवरून आणखी खाली जाऊन आपल्याला हाती काही लागणार नाही. टीएलबीचा लाभ हवा असेल तर आधी ‘पर्फ स्टॅट’ या मोजणीच्या आज्ञेने ‘डीटीएलबी-लोड-मिसेस’ (टीएलबीत पत्ता न सापडण्याचे प्रसंग) गर्दीच्या वेळी मोजावे. व्हर्च्युअल मशिनच्या यजमानावर १ जीबीची पेजेस आणि आत पाहुण्यात २ एमबीची, ही रचना मी वापरतो. यजमानाची मेमरी एकदा वाटली की हंगामभर बदलत नाही, त्यामुळे तिथे एवढा मोठा तुकडा अडकून पडल्याची खंत वाटत नाही. पाहुण्यातल्या पोस्टग्रेसचे बफर मात्र वाढवावे-घटवावे लागतात.